बिया गिळू नका!

रंगाच्या बाबतीत माझ्याशी पैज लावू नका. हराल!

मी रंगाच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाईक येतं आणि बिनदिक्कत म्हणतं, "पिवळा द्या." मला त्या माणसाची कीव येते. पिवळा द्या म्हणजे काय? उद्या म्हणाल, एक नातेवाईक द्या! कुठला पिवळा? लिंबाचा, हळदीचा, जुन्या वर्तमानपत्राचा, की कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांचा? आणि नारिंगीचं तर बोलूच नका. नारिंगीचं कुटुंब इतकं मोठं आहे, की सगळ्यांना एकदम जेवायला बोलावलं तर पंगती उठवाव्या लागतील.

त्यामुळे सासूबाईंनी नारिंगी टोमॅटोचा विषय काढला, तेव्हा मी खुर्चीत एकदम ताठ बसलो. म्हटलं, हे आपलं खातं!

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पुढच्या खोलीत पाय स्टुलावर ठेवून बसायच्या आणि तिथून अख्खं घर चालवायच्या. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून औषधाची एक जुनी बाटली काढली. तळाशी चिमूटभर बिया.

"हे बी माझ्या आईचं," त्या म्हणाल्या. "तिला तिच्या मावशीनं दिलेलं. बाजारात मिळत नाही हे. टोमॅटो पिकला तरी लाल होत नाही, नारिंगीच राहतो. साल पातळ, आणि चव…" त्या थांबल्या. "जाऊ दे. चव काय सांगून कळते?"

"मग लावत का नाही, आई?"

"या गुडघ्यानं वाकता येत होतं का मला? गेली काही वर्षं लावलंच नाही. बी म्हातारं होतं, जावईबापू. यंदा लावलं नाही, तर पुढं उगवेल असं वाटत नाही."

अशा वेळी शहाणा माणूस पाणी प्यायला उठतो. मी छाती पुढे काढली.

"आई, द्या ती बाटली इकडे! आपल्या मागच्या अंगणात टोमॅटोचं रान उठवतो की नाही बघा!"

बायको चहाचे कप आवरत होती. ती ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून तिचा आवाज इतका थंड झालाय, की बॉम्ब पडला तरी ती "आरसा बघा, मग वळा" असंच म्हणेल.

"आपला निवडुंग कसा गेला, ते सांगू का आईला?" ती म्हणाली.

"तो त्याच्या मरणानं मेला!"

"निवडुंग बुडून मेला, आई. ह्यानं पाणी घालून घालून बुडवला."

सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि बराच वेळ बाटलीकडे. मग बाटली माझ्या हातात दिली. "अर्ध्या लावा. अर्ध्या जपून ठेवा."

मी सगळ्या लावल्या. अर्ध्याच लावायच्या म्हणजे स्वतःवर निम्माच विश्वास ठेवण्यासारखं, नाही का?

---

सुरुवात झकास झाली. मागच्या अंगणात, म्हणजे दोन टॉवेल वाळत घातले की जे संपतं त्या जागेत, मी कुंड्यांची रांग मांडली आणि रोपं चक्क उगवली! मी तर हरखूनच गेलो. सकाळी उन्हात ने, दुपारी सावलीत आण, संध्याकाळी पुन्हा उन्हात. शिवाय पाणी. शिवाय खत. शिवाय कोणीतरी सांगितलं म्हणून ताक. शिवाय कोणीतरी नको सांगितलं म्हणून ताक धुवायला पुन्हा पाणी. एवढे लाड तर मला माझ्या आईनंसुद्धा केले नव्हते. रोपांना ते सोसले नाहीत. एकेक मान टाकत गेलं. राहिलेल्यांत शेजारचं मांजर लोळून गेलं. शेवटी रांगेत उरलं एकच रोप.

इकडे सासूबाई रोज विचारायच्या, "काय म्हणतेय बाग?"

आता ऑपरेशन झालेल्या माणसाला वाईट बातमी द्यावी का? तुम्हीच सांगा! मी म्हणायचो, "जोरात आहे!"

"फुलं आली?"

"भरपूर!"

"फळं धरली?"

"आई, डोळ्याचं पारणं फिटतं!"

यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त तो एका रोपापुरता खरा होता. ते एकटं रोप मात्र पठ्ठं होतं. जुन्या छत्रीच्या दांडीला टेकून ते कमरेएवढं झालं. त्याला गोटीएवढी बरीच फळं लागली आणि मधोमध एक चांगलं मुठीएवढं. हळूहळू त्या मोठ्या फळावर रंग चढायला लागला. मी रोज जवळ जाऊन बघायचो, लांब जाऊन बघायचो, एक डोळा मिटून बघायचो. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की रंग एका बाजूनंच चढतोय! भिंतीकडची बाजू फिकी!

दुसरा कोणी असता तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. पण मी पडलो रंगातला माणूस. दोन्ही बाजूंना सारखा हात बसला पाहिजे! मी कुंडी दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. कुंडी फिरली. रोप छत्रीच्या दांडीला बांधलेलं, दांडी कुंपणाला बांधलेली. ते काही फिरलं नाही.

कडाड!

खोड बुडापासून मोडलं. मी तसाच कुंडीला मिठी मारून उभा. दारात बायको येऊन उभी राहिली. तिनं मोडलेल्या झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हँडब्रेक न काढता गाडी ओढलीस."

गोट्यांएवढी फळं दोन दिवसांत सुरकुतली. उरला तो एकटा मोठा टोमॅटो. तो मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बशीत ठेवला, तिथं तो दुसऱ्या बाजूनंही पिकायला लागला. सासूबाईंच्या आईच्या मावशीपासून चालत आलेला सगळा वंश आता एका बशीत बसला होता.

"बियांसाठी एक खास फळ काढून ठेवलंय, आई," मी पुढच्या खोलीत जाऊन सांगितलं.

"बरं केलंत. पूर्ण रंग आला की मला द्या. मी स्वतः कापेन. आणि बाकीची?"

"बाकीची… आता नाहीत तिथं."

हेही खरंच होतं!

---

आता इतकं सगळं झाल्यावर तो टोमॅटो बशीतून हलवायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण माझ्या मालकांनी माझी खोडी काढली.

दुकानात मी सहज टोमॅटोचं वर्णन करत होतो, तर मालक म्हणाले, "नारिंगी म्हणजे कच्चा."

"कच्चा नाही! पूर्ण पिकलेला!"

"पिकला की लाल होतो. टोमॅटो आहे तो, संत्रं नाही."

"मालक, मी रंगातला माणूस आहे!"

"म्हणूनच काळजी वाटते," मालक म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले.

माझं डोकं फिरलं! दुसऱ्या दिवशी टोमॅटो रुमालात गुंडाळून दुकानात नेला आणि काउंटरवर, रंग जुळवायच्या मशीनशेजारी, थाटात मांडला. काय दिसत होता म्हणून सांगू! संध्याकाळच्या उन्हाचा एक घोट कोणीतरी त्या सालीत भरून ठेवल्यासारखा. मालक वाकून बघत राहिले. माझ्या मते तो माझा विजय होता.

तेवढ्यात दुकानात एक बाई आल्या. कोपऱ्यापलीकडच्या पाळणाघराच्या त्या चालक. मुलांच्या खोलीची एक भिंत रंगवायची होती, पण कुठलाच रंग पसंत पडत नव्हता. त्यांची नजर टोमॅटोवर गेली आणि त्या जवळजवळ ओरडल्याच, "हा! अगदी हाच रंग हवाय मला!"

माझा आनंद गगनात मावेना! मी टोमॅटो मशीनला दाखवला. मशीननं एक आकडा सांगितला. मी मशीनला चूक ठरवलं, वरून पिवळ्याचा एक थेंब घातला, ढवळलं, बोटानं कागदावर ओढलं आणि टोमॅटोशेजारी धरलं. जुळी भावंडं! बाईंनी टाळ्या वाजवल्या. मालकांनीसुद्धा हनुवटी खाजवली.

आणि अशा सुवर्णक्षणी माझा फोन वाजला. बायको. मी मागच्या गोदामात गेलो.

"तू टोमॅटो दुकानात नेलायस का?"

"तुला कसं कळलं?"

"आईचा फोन आला होता. काठी घेऊन एकटी स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली! खिडकीत बशी रिकामी आहे म्हणते. आज स्वतःच्या हातानं कापायचाय तिला."

"अरे वा! चालायला लागल्या! सांग त्यांना, टोमॅटो एकदम सुखरूप आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

तांत्रिकदृष्ट्या माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी टर्पेंटाईनचे डबे होते. मी बाहेर आलो. काउंटर मोकळा!

"मालक, टोमॅटो?"

"दिला."

"कोणाला दिला?"

"त्या बाईंना. भिंतीशी ताडून बघायला नमुना मागत होत्या. म्हटलं, न्या की, एक टोमॅटो तर आहे!"

एक टोमॅटो तर आहे! मंडळी, माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बायकोला पुन्हा फोन लावला आणि काय बोललो ते मला आठवत नाही; पण ती म्हणाली, "इथंच जवळ आहे, शिकवणी चालू आहे. रस्त्यावर उभा राहा."

---

जिवाच्या आकांतानं पाठलाग करायचा असेल, तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून करू नये.

गाडी आली. आली म्हणजे आचके देत आली. स्टिअरिंगवर शिकाऊ म्हणून आमच्या भागातले दातांचे डॉक्टर बसले होते. माझी एक दाढ यांनीच काढलेली. दाढ काढताना हा माणूस चक्क शीळ घालत होता. आणि आता दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरून बसला होता, जसा मी तेव्हा त्यांच्या खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

"डॉक्टर, पटकन चला! पाळणाघर!"

"पटकन?" डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "पटकन अजून शिकवलं नाही आम्हाला."

"क्लच दाबा," बायको म्हणाली. "पहिला गिअर. आरसा बघा. आता हळूच सोडा."

गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"काही हरकत नाही," बायको म्हणाली. "पुन्हा."

"हरकत आहे!" मी मागून ओरडलो. "डॉक्टर, दुखणार नाही! एक मिनिटात होऊन जाईल!"

हे वाक्य त्यांच्या ओळखीचं असावं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि गाडी खरंच निघाली. कोपऱ्यावर एका आजोबांनी आम्हाला मागे टाकलं. ते चालत होते. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती आणि आम्हाला मागे टाकताना त्यांनी दिलगिरी असल्यासारखी मान हलवली. शेवटी मी दार उघडून उतरलो आणि गाडीपुढे धावत पाळणाघर गाठलं.

भिंतीचा एक कोपरा रंगवून झाला होता. मानलं पाहिजे, रंग अप्रतिम उतरला होता! भिंतीसमोर छोट्या छोट्या टेबलांशी छोटी छोटी मुलं जेवत बसली होती. आणि प्रत्येकाच्या ताटलीत ब्रेडच्या तुकड्याशेजारी, काकडीच्या चकतीला टेकून…

"तो टोमॅटो होता इथं…" मी धापा टाकत म्हणालो.

जेवण वाढणाऱ्या मावशी कौतुकानं हसल्या. "खिडकीत ठेवलेला ना? बारीक फोडी केल्या. सगळ्यांना एकेक पुरवली बघा! एरवी टोमॅटो बघून तोंडं फिरवतात, आज मिटक्या मारतायत."

आणि मग माझ्या तोंडून, माझ्या नकळत, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी किंकाळी बाहेर पडली.

"थांबा! गिळू नका! कोणीही गिळू नका!"

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. रंगाच्या दुकानातला माणूस, रंगानं माखलेल्या हातांनी, पाळणाघरात धावत येतो आणि मुलांना "गिळू नका" म्हणून ओरडतो. ऐकणाऱ्यानं काय समजायचं?

पाळणाघराच्या बाई आतून धावत आल्या. "काय आहे त्यात? रंग? औषध फवारलंय का?"

"नाही, बाई, त्यात बी आहे…"

"विष आहे?"

"बी! बी!"

मावशींनी "विष" एवढंच ऐकलं आणि त्या मटकन खाली बसल्या. त्यांना बघून एका मुलीनं भोकाड पसरलं. तिला बघून सगळ्यांनी! त्याच क्षणी दारात दातांचे डॉक्टर आले, घामानं निथळलेले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी स्वतः उभी केली होती आणि ते सांगायला ते आत धावले होते.

"मी डॉक्टर…" एवढंच ते म्हणाले.

"डॉक्टर आले!" बाईंनी त्यांचा दंड धरला. "आधी कोणाला बघता? पोट साफ करायचं का?"

"पोट? मी… माझी गाडी…"

"सगळे. जागेवर. थांबा."

हा आवाज बायकोचा होता. चढ्या पट्टीतला नाही, ओरडून नाही. पण मावशी थांबल्या, बाई थांबल्या, रडणारी मुलं तोंड उघडं ठेवून थांबली. भर चौकात, उलट दिशेनं घुसलेल्या माणसाला ज्या आवाजात ती थांबवते, तोच हा आवाज. तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं: टोमॅटो चांगला आहे, विष नाही, फक्त त्याच्या बिया तिच्या आईला हव्या आहेत, आणि हा ओरडणारा माणूस तिचा नवरा आहे. शेवटच्या वाक्याला बाईंनी तिच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

मग बायको मुलांसमोर गुडघ्यांवर बसली. "ज्यांच्या तोंडात टोमॅटो आहे ना, त्यांनी बिया ताटलीत थुंकायच्या. जमेल?"

मुलांनी आधी बाईंकडे पाहिलं. विश्वासच बसेना! थुंकायला चक्क मोठी माणसं सांगतायत!

"वर्षभर घसा फोडून शिकवलं मी यांना," बाई पुटपुटल्या, "थुंकायचं नाही म्हणून." आणि डोळे मिटून घेत म्हणाल्या, "थुंका रे बाळांनो."

पुढचं वर्णन करायला माझी लेखणी तोकडी आहे! ताटलीत थुंकणं कोणाला हवंय? एक चष्मेवाला पोरगा दारात जाऊन उभा राहिला आणि त्यानं अंगणात अशी पिचकारी सोडली, की ती थेट कुंपणापर्यंत गेली. झालं! शर्यत लागली! सगळी फौज दारात. फुर्र! फुर्र! ज्यांची बी संपली होती ती नुसतीच काकडी थुंकत होती. दोघांनी ओल्या भिंतीवर नेम धरला. आणि दातांचे डॉक्टर? स्टिअरिंगवर घाबरणारा तो माणूस एकदम आपल्या राज्यात आला होता! "आ कर बघू. मोठा आ! हां, दुधाच्या दाढेमागे एक अडकलीय, हलू नकोस…" आणि चमच्याच्या टोकानं त्यांनी एकेक बी अशी काढली, की त्या मुलानं नंतर दुसरा आ करून दाखवला, हौसेनं!

अखेर हाती लागल्या त्या मोजक्या बिया मी वाटीत घेतल्या. निघताना चष्मेवाल्यानं माझी पँट ओढली.

"काका, अजून टोमॅटो आहे?"

"नाही रे बाळा."

"मग उद्या आणाल?"

---

घरी गेलो तेव्हा सासूबाई पुढच्या खोलीत नव्हत्या. मागच्या दारात, काठीला टेकून उभ्या होत्या. समोर रिकाम्या कुंड्यांची रांग आणि टोकाला छत्रीच्या दांडीला लटकलेलं वाळकं खोड.

"रान बघत होते तुमचं," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. ताक, मांजर, कडाड, मालक, पाळणाघर. एकही गोष्ट गाळली नाही. बायको शेजारी उभी असल्यामुळे गाळता आलीच नसती. सासूबाई खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता रडतील. आणि त्या रडल्या असत्या तर मी कुठं तोंड लपवलं असतं, मला माहीत नाही.

मग त्यांनी विचारलं, "मुलांनी खाल्ला?"

"हो."

"आवडला का त्यांना?"

"एक जण उद्या आणा म्हणाला."

सासूबाईंचा चेहरा बदलला. अंगणाकडे बघत त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी मी खायचेच नाही, माहितीय? सगळी फळं बियांसाठी. बाटली भरायची, झाकण लावायचं. आई मात्र आधी आम्हाला खायला द्यायची. उरेल त्याचं बी." आणि त्यांनी हात पुढे केला. "आणा ती वाटी."

त्यांनी बियांवर थोडं पाणी घातलं, फडकं झाकलं आणि वाटी ओट्याच्या कडेला ठेवली. मी ठरवलं, आता आपण बागेत हातच घालायचा नाही. घरातली दुसरी कामं करायची. सगळ्यांना मदत करायची. माझं मन पश्चात्तापानं नुसतं भरून आलं होतं. दोन-तीन दिवसांनी सकाळी मी उठलो आणि सगळ्यांच्या आधी भांडी घासायला घेतली. ओट्याच्या कडेला एक वाटी होती. वरती बुरशीचा पांढरा थर आणि वास असा, की नाक मुठीत धरावं. म्हटलं, बघा, घरात कोणाचं लक्ष नाही! मी ती वाटी भडाभडा नळाखाली धरली, राखेनं घासली, लख्ख केली आणि पालथी घातली.

"जावईबापू," मागून आवाज आला, "ती वाटी कुठाय?"

"ही काय! आरशासारखी केलीय!"

"आणि बिया?"

मंडळी, टोमॅटोच्या बिया अशाच आंबवायच्या असतात. म्हणजे वरचा चिकट थर सुटतो आणि बी टिकतं. हे मला त्या सकाळी कळलं. मी ताबडतोब बेसिनखालचा पाइप उघडला. पाण्याचा लोट माझ्या छातीवर आला. बी एकही आली नाही. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या पाइपाकडे बघत राहिल्या, चिंब भिजलेल्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आणि त्यातलं किती हसू होतं नि किती दुसरं काही, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

"संपलं तर संपलं," त्या म्हणाल्या. "पोरांच्या तोंडात पडला, हे काय कमी आहे?"

त्यांनी रिकामी बाटली पिशवीत ठेवली. मी त्यानंतर कित्येक दिवस दुकानात पिवळा मागणाऱ्याला निमूट पिवळा देत होतो. कुठला म्हणून विचारायचीसुद्धा इच्छा राहिली नव्हती.

---

आणि एका सकाळी दुकानात पाळणाघराच्या बाई आल्या.

"तुमची ती थुंकी," त्या म्हणाल्या.

"काय झालं तिचं?"

"उगवलीय!"

मी मालकांना न विचारता दुकानाबाहेर पडलो. बायकोला फोन, सासूबाई गाडीत, स्टिअरिंगवर पुन्हा डॉक्टर! या वेळी त्यांनी त्या भाजीवाल्या आजोबांच्या बरोबरीनं गाडी नेली. पाळणाघराच्या अंगणात, कुंपणाला लागून, जिथपर्यंत चष्मेवाल्याची पिचकारी गेली होती तिथपर्यंत, वाकडीतिकडी हिरवी रोपं उभी होती. कोणी कुंडी फिरवली नव्हती, कोणी ताक घातलं नव्हतं. सासूबाईंनी काठी माझ्याकडे दिली, कुंपण धरलं आणि वाकल्या. नव्या गुडघ्यानं, हळू हळू, पण वाकल्या! एक पान दोन बोटांत चोळून त्यांनी नाकाशी नेलं.

"तोच वास," त्या म्हणाल्या. "आईच्या हातांना यायचा तोच."

तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी पाळणाघरात जातात. अंगणात त्यांची खुर्ची असते. मुलं त्यांना टोमॅटोआजी म्हणतात आणि त्यांच्या एका शब्दावर ओळीत उभी राहतात. फळं आली तेव्हा पहिलं फळ त्यांनी तिथंच कापलं. आधी मुलांना, मग मावशींना, मग आम्हाला. चव? जाऊ दे. सांगून कळत नाही. उरलेल्या फळांचं बी मुलांनी कागदाच्या पुड्यांतून घरोघर नेलं. आता कुठल्या खिडकीत, कुठल्या गच्चीवर ते उगवणार आहे, सासूबाईंनासुद्धा माहीत नाही आणि त्या त्यातच खूश आहेत.

मीही एक पुडी मागितली.

"तुम्ही आधी शिका," सासूबाई म्हणाल्या.

म्हणून हल्ली दुकान उघडण्याआधी मीही तिथं जातो. मला एक छोटा प्लास्टिकचा मग मिळालाय. काल मी उत्साहानं जरा पुढे सरकलो, तर माझ्यापुढची साडेतीन फुटी बाई गर्रकन वळली.

"काका, मध्ये घुसायचं नाही. आणि पाणी पानांवर नाही, मुळाशी घालायचं. थोडंच!"

मी सॉरी म्हटलं आणि रांगेत मागे जाऊन उभा राहिलो.